निमित्त देवाचे, मौज बायकांची



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघत आहे. तीत प्रत्येकीने आपल्याला येईल ते लिहून द्यावे, असे चिटणीसबाईंनी सांगितले. कोणी पाककृती दिली, कोणी भरतकामाचा नमुना दिला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. शाळेत इतिहास शिकले तो राजांचा आणि लढायांचा. पण घरातल्या जुन्या बायकांजवळ बसून पुष्कळ ऐकले, मिळेल ते वाचलेही. त्यावरून मनात आले की, आपल्या ढाणकी भागातल्या बायका मौजेसाठी कुठे जात, कशा जात आणि काय पाहत, हाही एक इतिहासच आहे. तोच थोडा सांगते. गोड मानून घ्यावा.

पहिली गोष्ट ही की, आपल्या आजी-पणजीच्या तोंडी 'फिरायला जाणे' हा शब्दच नव्हता. पुरुष बाजाराला जात, तमाशाला जात, पारावर बसत. बाईला घराबाहेर पडावयाचे तर काही कारण लागे, आणि ते कारण बहुधा देवाचे असे. देवाचे नाव घेतले की सासरेही नाही म्हणत नसत. त्या आडोशाने बायकांनी आपली हौस भागवून घेतली, त्यात त्यांचे शहाणपण होते.

वर्षाचे सणच पाहा. नागपंचमीला लिंबाच्या झाडाला झोके बांधले जात आणि सासरवाशिणीही पोरींसारख्या उंच झोके घेत. भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाई बसे ती थेट कोजागिरीपर्यंत. महिनाभर पोरी रोज संध्याकाळी घरोघर गाणी म्हणत फिरत आणि शेवटी झाकलेल्या डब्यात काय खिरापत आहे ते ओळखावयाची गंमत असे. त्या गाण्यांत सासरची गाऱ्हाणी असत. एरवी जे बोलले तर मार खावा लागला असता, ते भुलाबाईच्या नावाने खुशाल गाता येई. आपल्या तालुक्यातील तांड्यांवर बंजारा मुलींची तीज असते. टोपल्यांत गहू पेरून नऊ दिवस पाणी घालावयाचे, गाणी म्हणावयाची, फेर धरावयाचा आणि गोकुळाष्टमीच्या सुमारास तीज बोळवावयाची. जात निराळी, भाषा निराळी, पण युक्ती एकच.

कार्तिकात आवळीभोजन असे. आवळ्याच्या झाडाची पूजा करून त्याच्या सावलीत जेवणे हे धर्मकृत्य खरे, पण ती आपल्या बायकांची सहलच होती. रानात गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजावयाचे, वांग्याची भाजी आणि वरण करावयाचे, हाही असाच बेत. कुठे मारुतीला, कुठे महादेवाला नवस फेडावयाचा आणि त्या निमित्ताने सारी आळी जेवावयाची.

याहून मोठे बाहेर पडणे म्हणजे यात्रा. आपल्याकडून पैनगंगा ओलांडली की महाशिवरात्रीला हिमायतनगरच्या परमेश्वराची यात्रा. जुनी माणसे त्या गावाला अजून वाढोणाच म्हणतात. आणि त्याहून मोठी वाट माहूरची. साडेतीन शक्तिपीठांतले एक म्हणजे तिथली रेणुकामाता. शिवाय दत्तशिखर आहे, अनसूयेचे शिखर आहे. नवरात्र, दत्तजयंती आणि राखीपौर्णिमेची परिक्रमा, या दिवसांत सारा डोंगर माणसांनी भरून जातो. पूर्वी खासर किंवा दमणी जुंपून, वाटेत मुक्काम करीत लोक जात. भाकरी, तीळ-जवसाची चटणी आणि बैलांचा कडबा, सारे बरोबर असे. वाटेतल्या मुक्कामावर रात्री चुली पेटत आणि बायकांची गाणी चालत. माझी आजेसासू म्हणे की, देवीचे दर्शन घटकाभराचे, पण त्या मुक्कामांच्या गोष्टी जन्मभर पुरल्या.

पण ही वाट नेहमीच सोपी नव्हती, आणि त्याला राज्यकारभार कारण होता. आज आपण पैनगंगा सहज ओलांडतो. एके काळी ती दोन राज्यांची सरहद्द होती. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेला आणि नदीपलीकडे निजामाचे राज्य राहिले. त्यामुळे अलीकडची माणसे पलीकडे जाण्याला 'मोगलाईत जाणे' म्हणत. भाषा एक, सोयरिकी एकमेकांत, देवीही एकच. पण कायदा निराळा आणि नाणेसुद्धा निराळे. १९४७-४८ साली रझाकारांच्या धामधुमीत सरहद्दीवरची गावे भयाने जागी राहत. लेकीला माहेरी धाडावयाचे तर दहादा विचार करावा लागे. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आले, तेव्हा पलीकडच्या लोकांना स्वातंत्र्य मिळाले आणि अलीकडच्या बायकांची यात्रेची वाट मोकळी झाली.

तरी प्रांत निराळेच होते. आपला यवतमाळ जिल्हा मध्यप्रदेशात आणि माहूर-किनवटचा मुलूख हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची नवी रचना झाली, तेव्हा किनवट नांदेड जिल्ह्याला जोडले गेले आणि नदीचे दोन्ही काठ पुन्हा एका राज्यात आले. पुढे १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. पुस्तकात या तारखा पाठ करताना हे कोणी सांगत नाही की, त्यांच्यामुळे कोणाचे माहेर जवळ आले!

वाटेबरोबर गाडीही पाहिजे. एस. टी. ची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून त्या वेळच्या अहमदनगरला सुटली. आपल्या भागात लाल गाडी रुळली त्यानंतर. गाडी आली तेव्हा बायकांच्या दृष्टीने मोठी गोष्ट ही घडली की, बैल मोकळे आहेत की नाहीत, गडी बरोबर येतो की नाही, हे विचारावयाचे कारण उरले नाही. पैसे असले की झाले. अर्थात पैसे कोणाच्या हातात, हा प्रश्न राहिलाच. १७ मार्च २०२३ पासून सरकारने एस. टी. त बायकांना अर्धे तिकीट केले, तेव्हा माझ्या ओळखीच्या किती तरी जणी प्रथमच आपल्या हिशेबाने माहूरला जाऊन आल्या. पुष्कळांनी त्या सवलतीची थट्टा केली, पण जिने घरखर्चातून दहा-दहा रुपये बाजूला टाकले आहेत तिला तिची किंमत ठाऊक आहे.

आता खेळ-तमाशाचा इतिहास. पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' ३१ ऑक्टोबर १८८० ला झाले, त्यात शकुंतलेचे सोंगही पुरुषाने घेतले होते. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला मुंबईत लागला, त्यात तारामती झाले होते अण्णा साळुंके नावाचे गृहस्थ. फाळक्यांना शोधूनही बाई मिळेना! त्याच वर्षी त्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघी पडद्यावर आल्या. ज्या काळात बाईने पडद्यावर येणे वाईट, त्या काळात पडद्यासमोर बसणे तरी कसे चांगले असणार? खेड्यातल्या बायकांना कीर्तन, भागवत सप्ताह आणि पुढे तुकडोजी महाराजांची खंजिरीची भजने, एवढीच मोकळीक. पण त्या भजनांनीही मोठे काम केले. महाराजांच्या १९५५ च्या ग्रामगीतेत स्त्रियांच्या उन्नतीवर एक सबंध अध्यायच आहे.

सिनेमालाही बायका गेल्या त्या देवाचेच बोट धरून. प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' १९३६ साली निघाला. पुढच्या वर्षी परदेशात व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, आणि इकडे खेड्यांतून माणसे बैलगाड्या जुंपून तो पाहावयास गेली. यात्रेत तंबूचा सिनेमा येई. एकच यंत्र असल्याने रीळ बदलेपर्यंत अंधारात बसावयाचे. बायकांची बाजू वेगळी. १९७५ साली 'जय संतोषी माँ' आला, तेव्हा बायका चपला बाहेर काढून आत जात आणि पडद्यावर फुले-पैसे उधळीत. २५ जानेवारी १९८७ पासून दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झाले. ज्यांच्या घरी टी. व्ही. होता त्यांच्या बैठकीत रविवारी सकाळी सारी आळी मावत असे आणि कोणी टी. व्ही. लाही हार घालीत.

नंतर १९९१ साली 'माहेरची साडी' आली. त्यात देव नव्हता, पण रडू होते. बायका ट्रॅक्टर भरून गेल्या आणि पदर ओले करून परतल्या. रडण्यासाठी जाणे घरच्यांना चालले. आणि २०२३ च्या जूनमध्ये 'बाईपण भारी देवा' लागला, सहा बहिणींचा, मंगळागौरीच्या स्पर्धेचा. त्याला गावोगावच्या बायका एकसारखी लुगडी-साड्या नेसून, सुना-सासवा मिळून गेल्या. ना नवस, ना रडणे. 'आम्हाला जावयाचे आहे' एवढेच कारण. 'संत तुकाराम'पासून इथवर यावयास सत्त्याऐंशी वर्षे लागली.

कोणी म्हणेल, निमित्त असले तर बिघडले काय? मौज तर झाली! मलाही पुष्कळ दिवस असेच वाटे. पण निमित्तात एक मेख आहे. ते निमित्तच ठरविते की कोणी यावयाचे आणि कोणी नाही. संक्रांतीचे हळदीकुंकू म्हणजे आपल्या बायकांचा केवढा मेळावा; पण ज्या बाईचे कुंकू गेले तिला त्यात जागा नसे. माझ्या एक चुलत सासूबाई पंचविशीत विधवा झाल्या. हळदीकुंकवाला साऱ्या जणी नटून गेल्या की त्या घरी बसून सर्वांची लेकरे सांभाळीत. माहूरला त्यांना जाता येई, कीर्तनाला जाता येई. पण हसण्या-खिदळण्याच्या ठिकाणी त्या नकोशा.

आपल्याकडून एका दिवसात जाऊन येण्याजोगे सहस्रकुंड आहे. पैनगंगा तिथे काळ्या कातळावरून अनेक धारांनी खाली कोसळते. पावसाळ्यात तिचा आवाज दुरूनच ऐकू येतो. अलीकडे आपले बिटरगावकडचे बंदी भागातले रान, पलीकडे नांदेड जिल्हा, काठी महादेवाचे मंदिर. दूरदूरची माणसे ते पाहावयास येतात. त्या चुलत सासूबाईंनी ते साठी उलटल्यावर पाहिले, आम्ही चार जणींनी जीप ठरवून त्यांना नेले तेव्हा. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "एवढं जवळ होतं होय हे? अन् मी जन्मभर निवडत-पाखडत बसले." त्या दिवशी त्यांनी दोनदा भजी मागून खाल्ली. आता त्या नाहीत. पण घरी कोणी "उगाच कशाला जायचं?" म्हटले की मला ते वाक्य आठवते.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवांच्या अनिष्ट प्रथा बंद केल्या, आणि सरकारनेही सर्व गावांना तसे करण्याविषयी कळविले. ठराव गावाने करावयाचा, पण हाक शेजारणीने मारावयाची असते. "मामी, तुम्हीही चला" एवढे म्हणावयास सरकारी कागद लागत नाही.

आणखी एक गोष्ट राहिली, ती चुलीची. आपल्या सहलीत रोडगे भाजावयाचे ते बायकांनीच, धूर खावयाचा तो बायकांनीच. पुरुषमंडळी पाणी पाहून, फोटो काढून येत आणि पंगतीला बसत. म्हणजे स्वयंपाकघर उचलून नदीकाठी नेले, एवढेच. सहल त्या दिवशी खरी, ज्या दिवशी चूल दुसऱ्याने पेटवावी, नाही तर सर्वांनी मिळून. आमच्या घरी मुलाला रोडग्याची कणीक मळावयास शिकवली आहे. पहिल्यांदा रोडगे दगडासारखे झाले, पण खाल्ले सर्वांनी.

हल्ली हातातल्या फोनवर साऱ्या जगाची मौज घरबसल्या दिसते. मी स्वतःही पाहते, त्याला नावे ठेवीत नाही. पण फोनवरच्या धबधब्याचे तुषार अंगावर येत नाहीत, आणि शेजारणीचा धक्का लागून हसू येत नाही. जुन्या बायकांनी देवाचे नाव घेऊन जी वाट पाडली, ती एकमेकींच्या सोबतीची होती.

म्हणून मंडळापुढे माझी नम्र सूचना आहे. वर्षातून एक दिवस कोणतेही निमित्त न ठेवता सर्वांनी मिळून जावे. सहस्रकुंडास जावे, पण पाणी चढलेले असता कातळावर उतरू नये आणि लेकरांचा हात सोडू नये. स्वयंपाक वाटून घ्यावा. आणि प्रत्येकीने आपल्या आळीतल्या अशा एका बाईला बरोबर आणावे, जिला आजवर कोणी "चल" म्हटले नाही. जीपमध्ये थोडे आवळून बसावे लागेल, एवढेच.