दोन इंच लिफ्ट ‘लीगल’ असते का? कलम ५२ ची गोष्ट

सेकंडहँड थार किंवा जिप्सी शोधायला लागलात की एक वाक्य हमखास कानावर पडतं: “फक्त दोन इंच लिफ्ट आहे, एवढी लीगल असते, टेन्शन नको.” आजचा भाग या वाक्यावर आहे. कारण हा दोन इंचांचा आकडा आला कुठून, हे शोधायला बसलो आणि थेट १९३९ पर्यंत जाऊन पोहोचलो.

उत्तर आधीच सांगून टाकतो. भारताच्या मोटार वाहन कायद्यात ‘लिफ्ट इतके इंच चालेल’ असा आकडाच नाही. दोन नाही, एकही नाही. काही देशांत मात्र तो आहे, अगदी मोजून लिहिलेला. आपल्याकडे का नाही, तीच आजची गोष्ट.

उंचीची भीती कशाला?

आधी थोडं फिजिक्स, घाबरू नका. गाडी वळणावर कलंडेल का, याचा एक ढोबळ हिशोब आहे: दोन चाकांमधलं आडवं अंतर, भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. उत्तर जितकं मोठं, गाडी तितकी स्थिर. समजा चाकांमधलं अंतर १५०० मिमी आणि गुरुत्वमध्य ७०० मिमीवर आहे. उत्तर येतं १.०७. आता गुरुत्वमध्य ५० मिमीने वर गेला, तर उत्तर थेट १.०० वर येतं. कागदावर फरक छोटा दिसतो, पण घाटातल्या वळणावर समोरून अचानक ट्रक आला आणि स्टीअरिंग झटकन फिरवावं लागलं, की तो जाणवतो.

अमेरिकेत हा विषय १९८० च्या दशकात पेटला. १९८८ मध्ये ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या मासिकाने सुझुकी सामुराई ही गाडी कलंडण्याच्या धोक्यावरून नापास केली. सामुराई म्हणजे आपल्या जिप्सीची सख्खी बहीणच. जिप्सी इथे १९८५ च्या शेवटी आली होती. सुझुकीने १९९६ मध्ये मासिकावर दावा लावला, तो २००४ मध्ये तडजोडीने मिटला. चाचणी बरोबर होती की नाही, यावर लोक आजही भांडतात. पण वर सांगितलेला भागाकार तिथल्या सरकारने २००१ पासून गाड्यांच्या रोलओव्हर रेटिंगसाठी वापरायला घेतला.

दुसरी भीती बंपरची. अमेरिकेत कारच्या बंपरची चाचणी जमिनीपासून १६ ते २० इंच या पट्ट्यात होते, म्हणजे दोन कार धडकल्या तर बंपरला बंपर भिडावा. उंच केलेल्या गाडीचा बंपर या पट्ट्याच्या वरून जातो आणि समोरच्या कारच्या बॉनेटवर किंवा दारावर आदळतो. लिफ्ट तुमची, मार दुसऱ्याला.

ज्यांनी आकडा लिहिला

कॅलिफोर्नियाने वजनाप्रमाणे टप्पे केले. गाडीची चासी जमिनीपासून किती उंच चालेल? प्रवासी कार सोडून, एकूण भारासह ४,५०० पौंडांपर्यंतच्या गाडीसाठी २७ इंच, त्यावर ७,५०० पौंडांपर्यंत ३० इंच. शिवाय चासी आणि बॉडीच्या तळामध्ये ५ इंचांपेक्षा जास्त अंतर नको. टेप काढा, मोजा, विषय संपला.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्ससारख्या राज्यांत हिशोब असा: सस्पेन्शनने ५० मिमी आणि मोठ्या टायरने २५ मिमी, मिळून ७५ मिमीपर्यंत चालतं. त्याच्या पुढे जायचं तर मान्यताप्राप्त इंजिनियरचं प्रमाणपत्र आणा. आपल्या गॅरेजमधले ‘दोन इंच’ म्हणजे जवळपास हेच ५० मिमी. तिकडचे व्हिडिओ इकडे पाहिले गेले, तिकडची किट इकडे विकली गेली. सोबत तिकडचा नियमही आल्यासारखा वाटला. तो आला नव्हता.

आपलं कलम, आवृत्तीनुसार

मी सॉफ्टवेअरवाला माणूस, त्यामुळे कायदा चेंजलॉगसारखा वाचायची सवय.

पहिली आवृत्ती, १९३९. मोटार वाहन कायद्याचा भर नोंदीवर होता. गाडीत बदल झाला, आरसीवरची माहिती जुळेना, तर मालकाने नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं आणि कागद दुरुस्त करून घ्यायचा. स्वातंत्र्यानंतर मुंबईत महिंद्राने जोडलेल्या विलीज जिपा, सैन्याच्या लिलावातल्या जुन्या गाड्या, त्यांना दिलेल्या नव्या बॉड्या, हे सगळं याच कायद्याखाली चाललं.

दुसरी आवृत्ती, १९८८ चा कायदा, कलम ५२. बदल करण्यापूर्वी अर्ज करा, मंजुरी घ्या. यात एक गंमत होती: सात दिवसांत अधिकाऱ्याचं उत्तर आलं नाही, तर मंजुरी मिळाली असं समजायचं! म्हणजे खिडकी अरुंद होती, पण उघडी होती.

तिसरी आवृत्ती, २०००. त्या वर्षीच्या दुरुस्तीने कलम ५२ चा गाभाच बदलला. आता कसोटी अशी: आरसीवरचा तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल, असा बदल मालकाने करायचा नाही. सीएनजी किटसारख्या काही बदलांसाठी वाट ठेवली, बाकी खिडकी बंद. त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. गाडी बाजारात येण्याआधी तिचा नमुना पुण्यातली एआरएआय किंवा नगरची व्हीआरडीई अशा संस्थांकडून तपासला जातो. तो तपास कंपनीने दिलेल्या उंचीवर, दिलेल्या टायरवर झालेला असतो. गॅरेजमध्ये स्पेसर टाकून उंच केलेली गाडी त्या तपासातून गेलेलीच नसते.

चौथी आवृत्ती, २०१९. वर्षाच्या सुरुवातीलाच, ९ जानेवारीला, केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने निकाल दिला. केरळ हायकोर्टाने राज्याच्या नियमांच्या आधारे बदलांना जागा दिली होती. न्या. अरुण मिश्रा आणि न्या. विनीत सरन यांच्या खंडपीठाने ती काढून घेतली: उत्पादकाचा मूळ तपशील बदलेल अशी फेररचना नाही, आणि राज्याचा नियम केंद्राच्या कायद्याच्या वर जाऊ शकत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. ‘दर बदलामागे’ हे शब्द नीट ऐका. लिफ्ट, टायर, बंपर वेगवेगळे मोजले, तर तीन.

चारही आवृत्त्या ओळीने ठेवल्या तर दिसतं की गाडीच्या रचनेवरचा शब्द आधी मालकाकडे होता, मग अधिकाऱ्याकडे गेला, आणि शेवटी कंपनीकडे. या प्रवासात मिलिमीटरचा आकडा लिहायची वेळच आली नाही.

मग घेणाऱ्याने काय करायचं?

विकणारा म्हणेल, “आरसीवर ग्राउंड क्लिअरन्सचा रकानाच नाही, मग बदल कसला?” रकाना नाही, हे खरं. पण हा मुद्दा कोर्टात वकिलाने मांडायचा आहे. नाक्यावर तो तुम्हाला मांडावा लागेल, आणि तोपर्यंत गाडी तुमच्या नावावर असेल. कलम ५३ खाली गाडी नियमात बसत नाही म्हणून नोंदणी निलंबित होऊ शकते, तेही तुमचीच. “मी नाही केलं, आधीच्या मालकाने केलं” हे सांगता येईल, पण सिद्ध करायची धावपळ कोणाची? विम्याचंही तसंच. बदल कंपनीला कळवलेला नसेल, तर अपघातानंतर क्लेमवर वाद उभा राहतो.

म्हणून घ्यायच्या आधी मोजा. त्या मॉडेलची कंपनीने दिलेली उंची आणि टायर साइज माहितीपुस्तिकेत असते. गाडी सपाट जागेवर उभी करा, टेप लावा. गाडीखाली वाकून पाहा: स्प्रिंगवर स्पेसर आहेत का, ब्रेकचे पाइप ताणलेत का, शाफ्टचा कोन तिरका झालाय का. रात्री हेडलाइट समोरच्या कारच्या आरशात जातो का, तेही बघा. आणि मूळ स्प्रिंग, शॉकअब्सॉर्बर, चाकं सोबत मागून घ्या. ती मिळाली नाहीत, तर गाडी मूळ उंचीवर आणायचा खर्च आधीच किमतीतून वजा करा. कोणी ‘लीगल आहे’ म्हणालं, तर शांतपणे विचारा: “मग तसा कागद दाखवता का, भाऊ?”

आता माझं मत. कंपनीने तपासलेल्या गाडीवर विश्वास ठेवणं योग्यच. पण आकडाच नसल्याने ३० मिमीची नीट बसवलेली स्प्रिंग आणि सहा इंचांचा जुगाड कायद्याच्या नजरेत एकाच रांगेत उभे राहतात. जो तपासून घ्यायला तयार आहे, त्यालाही जायला दार नाही. त्यामुळे सगळेच लपवतात आणि धोकादायक गाडी चांगल्या गाडीच्या आडोशाने फिरत राहते. गाड्या तपासणाऱ्या संस्था आपल्या पुण्या-नगरात आहेत. कलम ५२ च्या पुढच्या आवृत्तीत एक मोजता येणारी मर्यादा आणि तपासणीची एक खिडकी असावी, एवढंच माझं म्हणणं आहे.

ती आवृत्ती येईपर्यंत ‘दोन इंच चालतात’ हे वाक्य कॅलिफोर्नियातही या शब्दांत खरं नाही आणि कोल्हापुरात तर नाहीच. सेकंडहँड जिप्सीच्या मागे लागलेला एखादा मित्र असेल, तर टोकन द्यायच्या आधी हा भाग त्याला पाठवा. भेटू पुढच्या भागात!