धनी बदलला तेव्हां

जमिनीचा धनी बदलला म्हणजे तिच्यांतील विहिरीचें पाणी पूर्वीप्रमाणेंच सर्वांस मिळेल कीं नाहीं, ही चिंता गांवास लागते. इ. स. २०१० मध्यें संगणकाच्या जगावर असाच प्रसंग आला होता.

जर्मनींतील स्टार डिव्हिजन या कंपनीनें लेखन, हिशेब इत्यादि कचेरीच्या कामांसाठीं ‘स्टारऑफिस’ नांवाचें सॉफ्टवेअर तयार केलें होतें. अमेरिकेंतील सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीनें ती कंपनी १९९९ सालीं विकत घेतली व २००० सालीं त्या सॉफ्टवेअरची मूळ आज्ञावली सर्वांस खुली केली. त्यांतून ‘ओपनऑफिस’ जन्मास आलें. कोणींही तें फुकट वापरावें, तपासावें, सुधारावें व वांटावें, अशी परवान्यांत मोकळीक होती. देशोदेशींच्या स्वयंसेवकांनीं त्यासाठीं आपले श्रम वेंचले.

पुढें सन कंपनीची आर्थिक स्थिति खालावली. ओरॅकल कंपनीनें ती सुमारें ७४० कोटि डॉलरांस घेण्याचें एप्रिल २००९ मध्यें जाहीर केलें आणि जानेवारी २०१० मध्यें हा व्यवहार पुरा झाला. त्याच वर्षीं सनच्या ‘ओपनसोलॅरिस’ या खुल्या प्रकल्पाचें काम ओरॅकलनें थांबविलें. तेव्हां ओपनऑफिसवर राबणाऱ्यांच्या मनांत शंकेनें घर केलें.

येथें एक भेद ध्यानांत घेणें अवश्य आहे. ओपनऑफिस हें नांव कंपनीच्या मालकीचें होतें. परंतु एकदां खुली केलेली आज्ञावली पुन्हां कुलपांत घालतां येण्यासारखी नव्हती. याच आधारावर पुष्कळ कार्यकर्त्यांनीं २८ सप्टेंबर २०१० रोजीं ‘डॉक्युमेंट फाउंडेशन’ ही संस्था जाहीर केली व त्याच आज्ञावलीची नवी शाखा ‘लिबरऑफिस’ या नांवानें चालू केली. ओरॅकलनेंही संस्थेंत यावें आणि जुनें नांव द्यावें, अशी विनंती त्यांनीं केली; ती फळास आली नाहीं. उलट, नव्या संस्थेंत गेलेल्यांनीं जुन्या मंडळांतील पदें सोडावीं, असें त्यांस ऑक्टोबरांत सांगण्यांत आलें.

जून २०११ मध्यें ओरॅकलनें ओपनऑफिस ‘अपाची’ संस्थेच्या स्वाधीन केलें. परंतु तोंपर्यंत कसबी माणसें बहुसंख्येनें निघून गेलीं होतीं. या फुटीची किंमतही द्यावी लागली. एकाच मुळाच्या दोन शाखांत श्रम विभागले गेले, आणि जुनें नांव ओळखीचें असलेले कित्येक लोक तेंच घेत राहिले.

परवान्यामुळें आज्ञावली वांचली, हें खरें. परंतु ती जिवंत राहिली ती तिच्यावर राबणाऱ्या हातांमुळें. उपसा चालू असलेल्या विहिरीचेंच पाणी गोड राहतें.