होशंगाबादची उघड्या पुस्तकाची परीक्षा

लहान मुलांना विज्ञान प्रयोगातून शिकवावं, असं म्हणणाऱ्यांची आपल्याकडे कधीच वाण नव्हती. ते होत नाही याचं खापर मात्र प्रयोगशाळा नसण्यावर फोडलं जातं. मध्य प्रदेशातल्या तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्याचा इतिहास पाहिला, तर अडचण दुसरीकडेच होती असं दिसतं. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी १९७२ मध्ये सरकारी परवानगीने १६ ग्रामीण शाळांत सहावी ते आठवीसाठी, म्हणजे आपल्या हिशेबाने उच्च प्राथमिक वर्गांसाठी, विज्ञानाचा नवा कार्यक्रम सुरू केला. १९७८ मध्ये तो जिल्हाभर पोहोचला आणि १९८२ पासून त्याची धुरा ‘एकलव्य’ संस्थेने घेतली. ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकांत व्याख्या नव्हत्या, उत्तरंही नव्हती. प्रयोग होते आणि प्रश्न होते. चौघाचौघांच्या टोळीने प्रयोग करायचा, निरीक्षण वहीत लिहायचं आणि निष्कर्षावरून वर्गात भांडायचं. पुण्यात टेल्कोत नोकरी करणारे अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा काढून तिथे गेले आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब नि आगकाड्या घेऊन बसले. ट्यूबच्या इवल्या तुकड्यांत काड्या खोचून केलेला त्रिकोण दाबला तरी ढिम्म हलत नाही. चौकोन मात्र लगेच कलंडतो. पुलाच्या आणि छपराच्या सांगाड्यात त्रिकोण का असतात, हे मुलाला बोटांनीच कळतं. यात खर्च म्हणाल तर चार आण्यांचा.

पण होशंगाबाद म्हटलं की या काड्यांचंच कौतुक होतं, आणि मला ते अपुरं वाटतं. तिथली खरी मोठी गोष्ट परीक्षेची होती. आठवीच्या विज्ञानाच्या लेखी पेपरला मुलं पुस्तक आणि वही उघडून बसत, शिवाय प्रात्यक्षिक वेगळं असे. पाठांतराला गुणच नाहीत म्हटल्यावर घोकून घेणाऱ्या शिक्षकालाही प्रयोग करून घेण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. जोडीला उन्हाळी प्रशिक्षणं आणि दरमहा बैठका होत्या, त्यात शिक्षक आपल्या अडचणी मांडत. टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि दिल्ली विद्यापीठातली माणसं दिमतीला असल्यावर कुणालाही हे जमेल, असा आक्षेप घेता येतो. तो काही अंशी खरा आहे. पण वर्गात रोज उभे राहणारे होते ते गावोगावचे साधे सरकारी शिक्षक, त्यांतले कितीतरी विज्ञान न शिकलेले. आणि हे काम पुढे होशंगाबादबाहेरच्या अनेक जिल्ह्यांतही गेलं.

दुसरा आक्षेप जास्त जड होता, कारण तो पालकांचा होता: या मुलांना पुढे दहावीच्या बोर्डाला मार खावा लागतो. नववीत मुलाला अचानक घोकंपट्टीच्या पुस्तकासमोर बसावं लागे, तेव्हा ही चिंता पोकळ नव्हती. मात्र दहावीचा पेपर जे मोजत होता, ते होशंगाबादने शिकवायचं ठरवलंच नव्हतं. त्यामुळे त्या निकालावर या कार्यक्रमाला नापास ठरवणं म्हणजे पोहणाऱ्याला धावण्याच्या शर्यतीत हरवण्यासारखं आहे. सुधारणा वरच्या इयत्तांत न्यायची, की खालची मोडायची, असे दोन मार्ग सरकारपुढे होते. २००२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने दुसरा निवडला आणि ३० वर्षांचं काम शाळांतून बंद झालं. तो निर्णय चुकीचा होता.