माकळीच्या मुळातील कर्करोगरोधक बहुशर्करा

बेंगळुरूमध्ये लोणच्यासाठी वापरले जाणारे एक सुगंधी मूळ कन्नड भाषेत ‘माकळी बेरू’ या नावाने ओळखले जाते. ‘डेकालेपिस हॅमिल्टोनी’ हे या वेलीचे शास्त्रीय नाव. महाराष्ट्रात परिचित असलेल्या अनंतमुळाच्या कुळातील ही वेल दक्षिण भारतातील कोरड्या, खडकाळ वनांत आढळते. मुळाचे तुकडे ताकात किंवा दह्यात मुरवून लोणचे केले जाते.

या मुळातील पेक्टिन हा बहुशर्करेचा, म्हणजेच शर्करांच्या लांब साखळ्यांनी बनलेल्या पदार्थाचा, एक प्रकार आहे. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील शैलजा धर्मेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये त्यावरील संशोधन प्रसिद्ध केले.

कर्करोगाच्या पेशींवरील ‘गॅलेक्टिन-३’ हे प्रथिन गॅलॅक्टोज शर्करेला चिकटते. त्याच्या साहाय्याने या पेशी परस्परांना व इतर ऊतींना धरून राहतात आणि रोग शरीरात पसरतो. बहुशर्करेने हे प्रथिन आधीच व्यापले, तर ही पकड सैल होते. या प्रथिनामुळे रक्तपेशींच्या गुठळ्या होतात. त्या रोखण्यास माकळीची बहुशर्करा प्रति मिलिलिटर १.८६ मायक्रोग्रॅम पुरेशी ठरली. लिंबूवर्गीय पेक्टिन २५, तर अनंतमुळातील पेक्टिन ४० मायक्रोग्रॅम लागले. आल्यातील पेक्टिनचा परिणाम दिसला नाही. प्रक्रिया केलेल्या माकळीच्या पेक्टिनने स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींचा शिरकाव ७३ टक्क्यांनी, तर तोंडाच्या कर्करोगाच्या पेशींचा ५० टक्क्यांनी रोखला.

मात्र हे निष्कर्ष प्रयोगशाळेतील पेशींपुरते मर्यादित आहेत. काचपात्रात प्रभावी ठरलेला पदार्थ पचनानंतर गाठीपर्यंत पोहोचेलच असे नाही. त्यामुळे माकळीचे लोणचे, सरबत किंवा काढा हा कर्करोगावरील उपचार ठरत नाही. मुळावर विसंबून शस्त्रक्रिया, किरणोपचार किंवा औषधोपचार लांबविणे रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

वेलीच्या अस्तित्वाचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. मूळ खणून काढताना बहुधा संपूर्ण वेल नष्ट होते. लोणचे, सरबत आणि अनंतमुळाचा पर्याय म्हणून असलेल्या मागणीमुळे वनांतील तिचे प्रमाण घटले आहे. बेंगळुरू येथील स्थानिक आरोग्य परंपरा पुनरुज्जीवन प्रतिष्ठानाने दक्षिण भारतातील दुर्मीळ औषधी वनस्पतींच्या मूल्यमापनाचे व संवर्धनाचे कार्य केले आहे. माकळीची लागवड वाढल्याशिवाय संशोधनासाठी आणि स्वयंपाकघरासाठीही हे मूळ उपलब्ध राहणे कठीण आहे.