‘नको जाऊ’ म्हणण्याच्या तऱ्हा

या मालिकेत आपण बहुतेक वेळा किल्ले, मोहिमा आणि तह यांबद्दल बोलतो. आज बोलायचंय एका घाटाबद्दल आणि एका गाण्याच्या प्रकाराबद्दल. घाट काशीचा, अहिल्याबाईंच्या नावाचा. गाणं म्हणजे ठुमरी. या दोन्हींचा एकमेकांशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. संबंध आहे, आणि त्यात आपल्या मराठी मुलखातली माणसं आहेत.

आधी जागा समजून घेऊ. दशाश्वमेध घाटावरून गंगा डाव्या हाताला ठेवून दक्षिणेकडे चालू लागलं की लागूनच शीतला घाट येतो आणि त्यापुढे अहिल्याबाई घाट. याचं जुनं नाव केवलगिरी घाट. अठराव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थांशात अहिल्याबाईंनी तो पक्का बांधून घेतला. काशी विश्वनाथाचं मंदिर त्यांनी १७८० साली उभं केलं, त्याच काळातलं हे काम.

अहिल्याबाई म्हटलं की आपल्याला हातात पिंड घेतलेली मूर्ती आठवते. पण त्या एका लढवय्याची बायको होत्या, हे आपण विसरतो. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्यानं खंडेराव होळकर गेले. १७२५चा जन्म धरला, तर तेव्हा अहिल्याबाईंनी तिशीही गाठली नव्हती. सती जायला निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी थांबवलं. पुढे मुलगा मालेराव १७६७ साली गेला आणि आयुष्याच्या अखेरीला मुलगी मुक्ताबाई डोळ्यांदेखत सती गेली.

आता एक आख्यायिका ऐका. संगमनेरचा शाहीर अनंत फंदी (१७४४ ते १८१९) लावणी-तमाशात रंगलेला होता. अहिल्याबाईंनी त्याला सांगितलं, एवढी प्रतिभा शृंगारात का घालवतोस, देवाच्या कामी लाव. फंदीनं डफ ठेवला आणि तो कीर्तनाकडे वळला. ही गोष्ट आपण नेहमी उपदेशासारखी सांगतो. लहानपणी मलाही ती तशीच पटली होती. आता साठी ओलांडल्यावर तेवढी पटत नाही. का, ते सांगतो.

अहिल्याबाई घाटावरून चालत पंधरा-वीस मिनिटांत दालमंडीत पोचता येतं. बनारसच्या गाणाऱ्या बायकांची ही जुनी वस्ती. बनारसी ठुमरीचं आजचं रूप अहिल्याबाईंच्या नंतर घडलं, आणि त्यात या बायकांचा वाटा फार मोठा. भरताच्या नाट्यशास्त्रात नायिकेच्या आठ अवस्था सांगितल्या आहेत. कुणी सजून वाट बघते आहे. कुणी अंधारात स्वतःच भेटायला निघाली आहे. कुणी भांडून त्याला घालवलं आणि आता पस्तावते आहे. कुणाचा नवरा दूरदेशी गेला आहे. तिचं नाव प्रोषितभर्तृका. प्रेम म्हणजे एकच भावना नव्हे, हे आपल्याकडे फार पूर्वीच ओळखलेलं होतं. ठुमरीनं या सगळ्या जणींना आवाज दिला.

तो कसा, हे समजायला ‘बोल बनाव’ समजून घ्यावा लागेल. समजा, ओळीत फक्त ‘नको जाऊ’ एवढंच आहे. ख्यालात गायक राग उलगडेल. ठुमरीत गाणारी त्या दोन शब्दांकडेच पुन्हा पुन्हा येते. एकदा ती विनवणी असते. मग लाडिक हट्ट. मग राग. मग भीती. आणि शेवटी, तू जाणारच हे मला ठाऊक आहे, असं म्हणणारा थकलेला सूर. शब्द तेच, पण एका ओळीत एक पूर्ण संसार होऊन जातो. नंतर तबलजी लग्गी लावतो, लय वाढते आणि ताण सैल होतो.

हे गाणाऱ्यांना समाजानं कसं वागवलं? बनारसच्या रसूलनबाईंनी १९३५ साली एका प्रसिद्ध ठुमरीची रेकॉर्ड दिली होती. त्यात एक शब्द वेगळा होता: पुढे सगळीकडे ‘काळीज’ या अर्थाचा शब्द गेला, तिथे त्यांनी स्त्रीच्या उरोजांचा उल्लेख केला होता. सबा दिवाण यांनी २००९ साली या रेकॉर्डच्या शोधावर माहितीपट केला. गाणं सभ्य समाजात आलं, ते असं अंग चोरून. खुद्द रसूलनबाईंचं अहमदाबादमधलं घर १९६९च्या दंगलीत जळालं.

याच गाण्याचा मराठी मुलखातला मोठा आवाज म्हणजे शोभा गुर्टू. जन्म ८ फेब्रुवारी १९२५, बेळगाव. मूळ नाव भानुमती शिरोडकर. आई मेनकाबाई नृत्यांगना आणि अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या. अल्लादियाखाँचे चिरंजीव भुर्जीखाँ यांच्याकडे कोल्हापुरात शोभाताईंची तालीम सुरू झाली. ठुमरी-दादरा मिळाला तो घम्मनखाँसाहेबांकडून. म्हणजे जयपूर-अत्रौलीच्या कडक शिस्तीत वाढलेल्या मुलीनं भावनेचं गाणं निवडलं. फंदीच्या बरोबर उलटा प्रवास म्हणा ना! ‘पाकिजा’ आणि ‘मैं तुलसी तेरे आंगन की’ या चित्रपटांत त्या गायल्या. १९८८ साली मुलगा, तालवादक त्रिलोक गुर्टू यांच्या ‘उसफ्रेट’ या अल्बममध्ये जॅझ वादकांबरोबरही त्यांचा आवाज उमटला. २००२ साली पद्मभूषण मिळालं, २००४ साली त्या गेल्या. ज्या गाण्याला दालमंडीचा म्हणून हिणवलं, त्याला त्यांनी मान खाली न घालता देशविदेशात नेलं.

माझ्याकडे त्यांची एक कॅसेट होती. फील्ड पोस्टिंगला असताना बंकरमध्ये सेल संपेपर्यंत ती वाजायची. माझ्या जवानांत पूर्वांचलचे काही होते. त्यातला एक जण दादरा लागला की बाहेर जाऊन उभा राहायचा. नव्यानं लग्न झालेलं होतं त्याचं. मी कधी काही विचारलं नाही. प्रोषितभर्तृका हा शब्द मला पुस्तकात नंतर सापडला, तिचा नवरा कसा असतो ते आधीच पाहिलं होतं.

२०२५ साली पत्नीसह काशीला गेलो. अहिल्याबाईंच्या जन्माला तीनशे वर्षं, शोभाताईंच्या जन्माला शंभर. संध्याकाळी अहिल्याबाई घाटाच्या पायरीवर बसून फोनवर तीच ठुमरी लावली. मी म्हटलं, “सुट्टी संपून मी निघायचो, तेव्हा तू एकदाही ‘नको जाऊ’ म्हणाली नाहीस.”

ती म्हणाली, “म्हणून काय तुमची सुट्टी वाढणार होती? डबा भरून द्यायचे ना, त्यातच काय ते.”

आम्ही इतिहासवाले मोहिमेवर गेलेल्यांचा हिशोब ठेवतो. किती फौज, किती तोफा, किती पडले. कुंभेरीचा वेढा मी तुम्हाला नकाशा काढून समजावून देईन. पण खंडेराव छावणीतून अखेरचे बाहेर पडले, तेव्हा अहिल्याबाईंच्या मनात काय होतं, ते कुठल्या बखरीत सापडणार? मागे राहिलेल्यांच्या मनाची नोंद गाण्यांतच झाली, लावणीत, ओवीत, ठुमरीत. अहिल्याबाईंनी फंदीला सांगितलं ते त्यांच्या जागी योग्यच असेल. ज्या बाईनं एवढं सोसलं, तिला शिवाचा आधार वाटला, यात नवल नाही. पण फंदीचा डफ खाली राहिला, तेव्हा एक नोंदवही मिटली, असं मला आता वाटतं. शोभा गुर्टूंसारख्यांनी ती पुन्हा उघडली.

कधी काशीला गेलात तर अहिल्याबाई घाटावर जरा बसा. शोभाताईंची एखादी ठुमरी ऐका आणि एकाच शब्दाकडे त्या किती वेळा परत येतात, ते मोजा.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.