भिंतीवरचे कासव, अंगणातले कासव

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी गृहसजावटीवर काही लिहून द्यावे, अशी सूचना संपादकांकडून आली तेव्हा प्रथम हसूच आले. ज्याची सारी हयात सरकारी वसाहतींतील दोन-तीन खोल्यांत गेली, ज्या भिंतींना पिवळट डिस्टेंपरखेरीज दुसरा रंग ठाऊक नाही आणि जेथे खिळा ठोकण्याआधी कनिष्ठ अभियंत्याचा चेहरा डोळ्यांपुढे येतो, त्याने सजावटीवर काय लिहावे? परंतु बी. ए. ला इतिहास हा विषय होता आणि काही वर्षे बिहारात काढली आहेत, एवढ्या भांडवलावर मी एक जुनी हकिगत सांगण्याचे धाडस करीत आहे. तिच्यात एक मराठी माणूस आहे आणि तोही केंद्र सरकारच्या कामावर असलेला, म्हणून ती येथे अगदीच अस्थानी ठरू नये.

प्रारंभ मात्र घरापासून करतो. १९९९ साली माझी बदली पाटण्यास झाली. तळमजल्याचे बिऱ्हाड आणि मागे सिमेंटचे लहानसे अंगण. चैत्र शुद्ध तृतीयेला सौभाग्यवतीने गौर बसविली आणि अंगणात चैत्रांगण काढले. वर चंद्र-सूर्य, मध्ये गौरीचा झोपाळा, खाली गोपद्मे, शंख, तुळशीवृंदावन, पाळणा, फणी-करंडा, नाग, हत्ती आणि एका कोपऱ्यात कासव. आंब्याची डाळ व पन्हे घ्यायला शेजारच्या वृद्ध मैथिल बाई आल्या. त्या कितीतरी वेळ वाकून रांगोळी पाहत राहिल्या व मग म्हणाल्या, “बेटी, यह कछुआ तो हमारे कोहबर का है!” कोहबर म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाही तेव्हा ठाऊक नव्हते.

मिथिलेत वधूवरांसाठी राखून ठेवलेल्या खोलीस कोहबर म्हणतात. विवाहापूर्वी घरातील व शेजारपाजारच्या स्त्रिया त्या खोलीची भिंत सारवून तीवर चित्र काढतात. कमळाची वेल, बांबूचे बन, पोपट, मासे, कासव, चंद्र-सूर्य, गौरीची पूजा करणारी वधू, आणि दृष्ट लागू नये म्हणून चार कोपऱ्यांत चार नयना-जोगिनी. बांबूला संस्कृतात वंश म्हणतात व कुळालाही वंशच म्हणतात, हे लक्षात घेतले म्हणजे ते बन तेथे कशासाठी आहे याचा उलगडा होतो. रंग विकत आणलेले नसत. दिव्याची काजळी, हळद, तांदळाचे पीठ, कुसुंब्याची फुले, सारे घरातले आणि परसातले. कुंचला म्हणजे कापूस गुंडाळलेली बांबूची काडी. लग्न पार पडले, पावसाळा आला, भिंत पुन्हा सारवली गेली की चित्र पुसले जाई. पुढच्या लग्नात दुसरे.

या भिंती घराबाहेरच्या माणसांस दिसण्याचे काही कारण नव्हते. त्या दिसल्या त्या एका महान आपत्तीमुळे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात भूकंप झाला. हजारो माणसे मेली, घरे दुभंगली आणि आतल्या खोल्या उघड्या पडल्या. त्या वेळी मधुबनीस डब्ल्यू. जी. आर्चर हे आय. सी. एस. अधिकारी होते. नुकसानीची पाहणी करताना पडक्या घरांच्या आतील भिंतींवरील चित्रे पाहून ते थक्क झाले. पुढे त्यांनी त्यांची छायाचित्रे घेतली व १९४९ साली मुंबईच्या ‘मार्ग’ या नियतकालिकात त्यांवर लेख लिहिला. पाहणीच्या अहवालात ज्यासाठी रकाना नाही अशी गोष्ट ज्याच्या नजरेस पडते, असा अधिकारी विरळा. मी स्वतः हिशेबतपासणीच्या खात्यात आयुष्य घालवले असल्याने हे अनुभवाने सांगू शकतो.

त्यानंतर सतरा-अठरा वर्षे शांततेत गेली. मग १९६६-६७ चा बिहारचा दुष्काळ आला. शेतीचे उत्पन्न गेले आणि घरात बसलेल्या स्त्रियांच्या हाताला काय काम द्यावे, हा प्रश्न उभा राहिला. हस्तकलांच्या क्षेत्रातील केंद्र सरकारच्या कामाची धुरा त्या वेळी पुपुल जयकर यांच्याकडे होती. त्यांनी मधुबनीस पाठविले भास्कर कुलकर्णी या मराठी चित्रकाराला. कुलकर्ण्यांनी नेला तो कागद. भिंतीवर जे काढता तेच यावर काढा, आम्ही विकत घेऊ, एवढाच प्रस्ताव. बोलायला सोपा, पण ज्या घरांतील स्त्रिया परपुरुषापुढे पदराआड वावरत, त्यांच्या दारात उभे राहून हे सांगायचे होते. शिवाय जे चित्र मंगलकार्याचे, ते कोणा अनोळखी माणसाच्या घरी टांगण्यासाठी द्यायचे होते. सुरुवातीला पुढे आल्या त्या फार थोड्या. पण आल्या. आणि कुलकर्णी कागद वाटून परतले नाहीत. त्या गावांतून ते पुन्हा पुन्हा जात राहिले. कोणाचा हात कसा चालतो, कोणाची रेषा कोणाहून निराळी, हे त्यांनी चित्रकाराच्या डोळ्याने ओळखले.

त्यानंतर जे घडले ते सर्वविदित आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. जितवारपूरच्या जगदंबा देवींना १९७० साली राष्ट्रीय पुरस्कार आणि १९७५ साली पद्मश्री मिळाली. त्याच गावच्या सीता देवींना १९८१ साली पद्मश्री. त्यांच्या चित्रांत रंग भरगच्च, त्या पद्धतीस ‘भरनी’ म्हणतात. कायस्थ घराण्यातील गंगा देवींचे सामर्थ्य रेषेत, त्या पद्धतीस ‘कचनी’ म्हणतात. त्यांना १९८४ साली पद्मश्री मिळाली. दुसाध समाजातील स्त्रियांनी पुढे आपल्या अंगावरील गोंदणाच्या आकृती कागदावर आणल्या. ज्यांच्या घरी कोहबराच्या भिंती असत, त्यांच्याच हाती ही कला राहिली नाही. ही मला या साऱ्या इतिहासातील फार महत्त्वाची गोष्ट वाटते.

येथे शब्दाविषयी थोडे विषयांतर करू द्यावे. मैथिल स्त्री कोहबर ‘काढते’ असे म्हणत नाही, ती कोहबर ‘लिहिते’. आपल्या डहाणू-तलासरीकडील वारली स्त्रियाही लग्नात चौक ‘लिहितात’. जुन्या मराठीतही चित्र लिहिण्याचाच प्रयोग होता. रांगोळी काढण्यापर्यंत आपण कधी आलो कोण जाणे. ज्यांना अक्षरओळख होऊ दिली नाही, त्यांनी आपले हे लिहिणे मात्र सोडले नव्हते.

वारल्यांचा उल्लेख सहज आला नाही. कुलकर्णी पुढे तिकडेही गेले. त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील (२०१४ पासून हा भाग पालघर जिल्ह्यात आहे) या पाड्यांवर विवाहाच्या वेळी सवाष्णी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, आत पालघट देवी असते, आणि चौकावाचून लग्न लागत नाही. भोवती झाडे, नाचणारी माणसे, ताडी काढणारा, पाणी भरणारी, म्हणजे रोजचाच दिवस. कागद आला आणि जिव्या सोमा मशे या पुरुषाने लग्नाची वाट न पाहता चित्रे काढावयास आरंभ केला. त्यांची प्रतिभा थोर होती. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार, २०११ साली पद्मश्री. २०१८ साली ते निवर्तले. मशे यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवूनही एक गोष्ट मनाला टोचते. मिथिलेत कागदाने स्त्रियांची नावे जगापुढे आणली. वारली चित्रांत मात्र जगाला पहिले मोठे नाव कळले ते पुरुषाचे. चौक लिहिणाऱ्या सवाष्णींपैकी किती जणींची नावे आपण सांगू शकू?

कागदाने बरेच काही दिले तसे काही नेलेही. लग्न नसताना कोहबर काढला जाऊ लागला, मग मागणीप्रमाणे माप आले, मग तीच वेल उशीच्या अभ्ऱ्यांवर व चहाच्या कपांवर उमटली. रसिक हळहळतात. मी हळहळत नाही. ज्या घरी दुष्काळात चूल पेटण्याची भ्रांत होती, त्या घरच्या बाईने कमळ किती वेळा काढावे, हे आपण ओल्या गवताच्या कूलरपुढे बसून ठरवू नये.

पण एक हळहळ माझ्याही वाट्याला आली. काही वर्षे दिल्लीस होतो तेव्हा प्रगती मैदानालगतच्या राष्ट्रीय हस्तकला संग्रहालयात सहकुटुंब गेलो होतो. तेथे गंगा देवींनी एका खोलीच्या भिंतींवर संपूर्ण कोहबर रंगविलेला होता. स्वतःच्या संसारात त्यांना सुख फारसे लाभले नव्हते, आणि हे काम त्यांनी केले ते कर्करोगाने पोखरलेल्या शरीराने. १९९१ साली त्या गेल्या. त्या खोलीत उभे राहिल्यावर सौ. ने प्रथम कासव शोधले आणि पाटण्याच्या त्या वृद्ध बाईंची आठवण काढली. आमची मुलगी तेव्हा शाळेत होती. तिला ते पोपट इतके आवडले की बाहेर पडायला तयार होईना. २०१५ साली संग्रहालयाच्या नूतनीकरणात त्या भिंती नाहीशा झाल्याचे मी वर्तमानपत्रात वाचले. गावची भिंत सारवली जाई ती पुढच्या लग्नासाठी. या भिंतीनंतर गंगा देवींचा हात यायचा नव्हता.

बातमी वाचून मी काही वेळ गप्प बसलो. सौ. म्हणाली, “अहो, एवढे काय मनाला लावून घेता? आपले क्वार्टर सोडताना चुना मारलाच ना?” तिला कशाविषयी म्हणायचे होते ते मला कळले. पाटण्याच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर मुलीच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा होत्या, आणि त्यांच्या शेजारी तिनेच काढलेले एक वेडेवाकडे कासव. ताबा देताना भिंती जशाच्या तशा परत कराव्यात या नियमास अनुसरून तो चुना मी स्वतः उभे राहून मारून घेतला होता. छायाचित्र घ्यावे, हे सुचले नाही. माझ्या आईच्या चैत्रांगणाचेही एकसुद्धा छायाचित्र आमच्याकडे नाही. तिचे कासव सौ. च्या कासवाहून निराळे होते, पाठीवर चौकडी असलेले, एवढेच मला आठवते.

आपल्या मंडळाची पन्नास वर्षांची इतिवृत्ते या स्मरणिकेच्या निमित्ताने चाळली. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार यांची नावे वर्षागणिक आहेत, वर्गणीचा हिशेब पैशापर्यंत आहे. गणपतीचे मखर दर वर्षी ‘आकर्षक’ होते अशी नोंद आहे. जुन्या साड्यांचे काठ, आगपेट्यांची खोकी, बांगड्यांच्या काचा यांतून ते उभे करणाऱ्या भगिनींपैकी एकीचेही नाव मला सापडले नाही. चैत्रातील हळदीकुंकवापुढे ‘उपस्थिती समाधानकारक’ एवढेच. हिशेबतपासनीस म्हणून माझा हा शेरा समजावा. ज्यांना ती नावे आठवत असतील त्यांनी स्मरणिका बांधणीस जाण्यापूर्वी चिटणीसांकडे लिहून द्यावीत.

मुलगी आता बंगळुरास असते, गेल्या वर्षी तिचे लग्न झाले. यंदा पाडव्यानंतर तिचा फोन आला, “आई, चैत्रांगणात काय काय काढायचे ते मला पाठव ना. आमच्या गॅलरीत तेवढी जागा आहे.” सौ. ने माझ्याकडे कागद मागितला. मी कचेरीतला जाड, पांढरा, मोठ्या मापाचा कागद आणून टेबलावर पसरला व खुर्ची पुढे केली. दोन-तीनदा पेन्सिल टेकवली, पण रेघ काही उठेना. मग तिने कागद उचलला, जमिनीवर घातला, पदर खोचून उकिडवी बसली आणि वरच्या अंगाने चंद्र-सूर्यापासून आरंभ केला. कासव आले तेव्हा क्षणभर थांबली. “सासूबाईंचे काढू की माझे?” तिने विचारले. मी म्हटले, दोन्ही.