नाव सांगा, मत राखा

मताचा हक्क बुडवायचा तर लाठीकाठीच लागते असे नाही. यादीतून नाव गेले की काम भागते. आपल्याच देशातली एक हकीकत सांगतो.

इंग्रजी अमदानीत मत कोणाला? तर ज्याच्यापाशी जमीन, कर किंवा शिक्षण असेल त्याला. गोरगरीब बाहेरच! १९२८ साली पुण्यास सायमन कमिशनपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रौढ मताधिकार मागितला. पुढे १९५० साली आपल्या राज्यघटनेच्या ३२६ व्या कलमाने एकवीस वर्षांवरील प्रत्येकाला, बाईमाणसालासुद्धा, मत दिले.

मग याद्या करायला माणसे दारोदार गेली. बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत, विंध्य प्रदेश या भागांत बायका परक्यापुढे स्वतःचे नाव सांगेनात. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेच सांगत. आपल्याकडे तरी काय वेगळे आहे? ‘बाळूची आई’, ‘पाटलांची सून’ यावर ओळख भागतेच की!

पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवले, की नावाशिवाय नोंद नाही. बिहारात दुरुस्तीसाठी महिनाभर मुदतही वाढवून दिली. तिचा उपयोग बऱ्याच जणींना झाला. तरीही देशातल्या सुमारे आठ कोटी स्त्री मतदारांपैकी अदमासे २८ लाख जणींची नावे यादीत राहिली नाहीत. १९५१-५२ ची निवडणूक त्यांच्याविना पार पडली.

सेनांचा हेतू वाईट नव्हता. नाव नसेल तर एकीच्या जागी दुसरी मत देऊन जाईल, ही भीती खरी होती. पण ध्यानात घ्या, नियम सरळ असला तरी त्याचा फटका ज्यांना बोलायची सवय नाही त्यांनाच बसला. जिथे हेतूच वाकडा असेल, तिथे काय होईल?

आता मताचे वय अठरा आहे. राहता पत्ता बदलला म्हणून कोणाचे नाव काढायचे, तरी आधी त्याचे म्हणणे ऐकावे लागते; १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातच तसे सांगितले आहे. म्हणून यादी जाहीर झाली की स्वतः पाहा. शेजारच्या म्हातारीचे, ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचे नावही पाहा. आणि गुरुजी, याद्यांचे काम पुष्कळदा तुमच्याच हाती येते. दारात उभे राहिलात की घरच्या बाईला तिचे नाव तिच्याच तोंडून विचारा, आणि ते नीट लिहून घ्या.